एक वापरणारा

२८ एप्रिल, सोमवार

ग्वेंडाने बोलावलं. संचालकबाईंच्या खोलीत हीटर असतो, तेवढंच बरं वाटलं.

"मेरिन, रॉस गेल्यापासून तुझा तो मटनबर्ड प्रोग्रॅम वापरतं कोण?"

म्हटलं, मी.

"तुला सोडून?"

मग तिने सरळच सांगितलं — जूनअखेर संस्थेचं वर्ष संपतं. तोवर एक वापरणारा दाखव. बाहेरचा हवा, आपल्या इमारतीतला नाही. नावानिशी. नाही मिळाला तर मटनबर्ड बंद, आणि मला सामन माशांच्या आकडेवारीत घालणार.

एक! मला वाटलं पन्नास तरी मागेल. एक काय, कुणीही आणेल. जिना उतरताना आठवायला लागले. खाली पोचले तरी एकही आठवला नाही.

३० एप्रिल

बेटांवरचे खरे मटनबर्ड, म्हणजे पक्षी, गेले. आधी आईबाप उडून जातात, पिल्लं बिळात मागे राहतात. भूक असह्य झाली की तीही निघतात. जगाच्या पार वरच्या टोकाला वळसा घालून सप्टेंबरात पुन्हा आपल्याच बिळापाशी! म्हणून रॉसने आम्ही दोघांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमला हे नाव दिलं होतं. फेरा मारायचा, वाट चुकायची नाही.

रॉस स्वतः ॲडलेडला गेला तो गेलाच. ख्रिसमसला कार्ड आलं. खाली त्याची आणि बायकोची सही, पण दोन्ही नावं तिच्याच अक्षरात.

२ मे, शुक्रवार

ग्वेंडाला पान लिहून दिलं : मटनबर्ड काय करतं, साध्या भाषेत. लिहिता लिहिता मलाच बरं वाटलं. समुद्राचा नकाशा म्हणजे बारीक बारीक घरं. प्रत्येक पाण्याच्या घरी जायचं, तिथली पातळी काढायची, पुढच्या घरी जायचं. हे फिरणं म्हणजे लूप. माणूस तो हाताने लिहितो तेव्हा सगळ्या घरांवरून जातो आणि प्रत्येक दारात विचारतो — इथे पाणी आहे का? बहुतेक दारांशी जमीन. फुकटचे हेलपाटे. मटनबर्डला फक्त सांगायचं, कुठली घरं आणि कुठल्या क्रमाने. ते आधी सगळा विचार करतं आणि असा लूप लिहून देतं की एकही दार उगाच वाजवावं लागत नाही. पाऊण दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीत उरकतं.

ग्वेंडाने वाचलं. "छान लिहिलंयस गं." म्हणजे कळलं नाही.

दहाच्या चहाला खाली गेले. शुक्रवारी एकेकाने केक आणायचा. आज पाळी लिंडनची, तो तळमजल्यावर भरती-ओहोटीच्या खोलीत बसतो. एकटाच राहतो, केक घरी करतो, वर पॅशनफ्रूटचं आयसिंग. सॅलीज नॅरोजच्या खाडीवर त्याचं खोपटं आहे, त्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. सगळे त्याने काढलेल्या तिथल्या नकाशाची चेष्टा करत होते. तो दक्षिण वर काढतो ना! "अरे, डोक्यावर उभं राहून बघायचं का?" त्याचं नेहमीचं उत्तर : "पाणी येतं दक्षिणेकडून. येणारा पाहुणा दारात दिसायला नको?" सगळे हसले. तोही हसला, जरा उशिराने.

मग मला विचारतो, "तुझ्या मटनबर्डला चिंचोळ्या खाड्या जमतात का गं?"

मी म्हटलं, "तुझ्या भरतीच्या तक्त्यांसाठी नाही ते, लिंडन."

पुन्हा हशा. मला काही तसं म्हणायचं नव्हतं. डोक्यात ग्वेंडा होती.

९ मे

मेलबर्न, पर्थ, ऑकलंड — ओळखीच्या सगळ्यांना लिहिलं. दोन उत्तरं. दोघांनीही रॉस कसा आहे ते विचारलं.

१४ मे, बुधवार

आलं! अनोळखी पत्त्यावरून ई-मेलचं टपाल. पत्ता म्हणजे नुसते आकडे.

"तुमचं मटनबर्ड उतरवून घेतलं. चालतं. वेगवान आहे. धन्यवाद. — एक वापरणारा."

खिडकीशी जाऊन उभी राहिले. कुणाला सांगावं कळेना. कुणालाच सांगितलं नाही. घरी जाताना शिंपल्याचा पॅटिस, इथला स्कॅलप पाय, घेतला, गाडीतच खाल्ला.

१९ मे

त्याचं दुसरं टपाल. "एक अडचण. नकाशाच्या आडव्या रांगेत पाण्याचं एकच घर असेल तर तुमचा लूप ते वगळतो."

शक्यच नाही! मी लिहिलं — आम्ही सगळं तपासलेलं आहे, तुमच्या माहितीत चूक असावी. जरा फटकळच लिहिलं गेलं.

२० मे

त्याने वाद घातला नाही. नुसते आकडे पाठवले. नाव नाही, गाव नाही : प्रत्येक रांग कुठे सुरू होते, कुठे संपते. मधल्या एका रांगेत सुरुवात आणि शेवट एकच.

चालवून पाहिलं. वगळलं.

सगळ्या पाण्यात घरोघर जातो आणि त्या एका घरावरून सरळ पुढे! पलीकडचं पाणी मग जागच्या जागी, ना भरती ना ओहोटी.

२३ मे

सापडलं. रॉसने लिहिलेल्या भागात. फुकटची दारं गाळताना जिथे शेवट सुरुवातीच्या पुढे नाही ती रांग तो रिकामी धरतो. पण एकच घर असेल तिथे शेवट पुढे कसा असणार? एकटं घर म्हणजे रिकामं घर, असा हिशेब झाला.

रॉसची आणि माझी एक रीत होती. नवं काही लिहिलं की आधी शून्याला तपासायचं — काहीच नसेल तेव्हा प्रोग्रॅम काहीच करत नाही ना? मग दोनला, मग मोठ्या आकड्याला. एकाला कधी तपासलंच नाही. आम्ही दोघं होतो, एक सुचला नसेल.

दुरुस्त करून पाठवलं. माफीही मागितली. चहाला गेले नाही.

२६ मे

"आता चालतं. पाणी आत आलं. माफी कसली, इतकं बारीक काम मी दुसरं पाहिलेलं नाही. — एक वापरणारा."

पुन्हा पुन्हा वाचलं. वेडी आहे मी.

४ जून

आता रोज काहीतरी येतं. काही वेळा प्रश्न, काही वेळा नुसतं "आज थंडी आहे, लाकडं ओली आहेत". मीही कारणं काढते. सकाळी पर्वतावर बर्फ होतं, म्हणून लिहिलं — आमच्याकडे बर्फ पडलं. उत्तर : "हो, सगळं पांढरं झालंय." बातम्यांत पाहिलं असेल.

दहाच्या चहाला आता जातच नाही. तो टपाल त्याच सुमाराला पाठवतो.

९ जून, सोमवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. टपाल नाही. सुट्टीला टपाल नाही, म्हणजे हा ऑफिसातून लिहितो. दिवसभर घर आवरलं. संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. तहान लागल्यावर मोठ्याने म्हटलं, "पाणी." आवाज घोगरा झाला होता.

१२ जून

धीर करून विचारलं. सगळं खरं सांगितलं — जूनअखेर, ग्वेंडा, सामन मासे. तुमचं नाव द्याल का? नावाशिवाय मटनबर्ड जाईल.

१३ जून

"माझ्या नावाचा तुम्हाला उपयोग नाही. मी मोजणीत धरला जाणार नाही. मनापासून वाईट वाटतं. — एक वापरणारा."

मोजणीत धरला जाणार नाही म्हणजे काय? नाव देण्यात एवढं काय जातं? उत्तर दिलं नाही.

१७ जून

चार दिवस मी लिहिलं नाही. त्यानेही नाही. मटनबर्ड गेलं तर काय होईल याचा विचार करत होते, आणि ध्यानात आलं — मला मटनबर्डचं तेवढं वाटत नाहीये. टपाल थांबेल, त्याचं वाटतंय. लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

संध्याकाळी मीच लिहिलं. लाकडं वाळली का?

१८ जून

"वाळली."

२६ जून, गुरुवार

सोमवारी शेवट. पुन्हा विचारलं. ग्वेंडाला नाव देणार नाही, वाटल्यास फक्त मला सांगा, कोण आहात. निदान मला कळू दे.

लगेच उत्तर आलं. "उद्या सकाळी सांगतो."

२७ जून, शुक्रवार

आठपासून पडद्यासमोर. दहाला सगळे खाली गेले. कुणाचा तरी निरोपसमारंभ होता वाटतं, जिन्यातून टाळ्या ऐकू आल्या. मी कानाला हेडफोन लावून बसले. मधेच दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं. पडद्यावरची नजर न काढता हात वर केला, म्हटलं, "आत्ता नको, ठेव तिथे." नंतर पाहिलं तर टेबलाच्या कोपऱ्यावर कागदी रुमालात केकचा तुकडा. बसल्या बसल्या खाल्ला. पॅशनफ्रूटचं आयसिंग.

टपाल आलं नाही. पाचपर्यंत थांबले. त्याने सांगतो म्हटलं होतं.

३० जून, सोमवार

"एकाचंही नाव नाही?" ग्वेंडा म्हणाली.

"एक आहे. नाव नाही."

"मग नाहीच म्हणायचं गं." ती वाईट नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, तळमजल्यावर एक टेबल रिकामं झालंय, खिडकीजवळचं आहे, बुधवारपासून तिथे बस.

त्याला लिहिलं — बंद झालं. टपाल परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही.

१ जुलै

खोली आवरली. निघण्याआधी, त्याने पाठवलेले ते आकडे कागदावर काढले, आठवण म्हणून. प्रत्येक रांग, सुरुवात ते शेवट, वरून खाली. वर पसरट पाणी, मग निमुळतं होत होत एकच घर, मग पुन्हा पसरतं आणि कोपरासारखं वळतं. कुठलीच जागा ओळखू येईना. जगात अशा खाड्या काय थोड्या आहेत? कागद बॅगेत ठेवला.

२ जुलै, बुधवार

रिकामं झालेलं टेबल लिंडनचं. शुक्रवारचा निरोप त्याचाच होता. भिंतीवर त्याचा सॅलीज नॅरोजचा नकाशा तसाच आहे, दक्षिण वर. वर पसरट पाणी, मग निमुळतं, एकच घर, आणि मग कोपरासारखं वळण. कागद काढून शेजारी धरला. रेघ न् रेघ तीच.

सकाळी सांगतो म्हणाला होता. आला होता सांगायला, जिना चढून. मी मान वळवली नाही.

तो खोपट्यावर राहायला गेलाय, तिथे फोन नाही. केक चांगला झाला होता, एवढं तरी सांगायला हवं. गाडी काढते.