चंद्रभानचा जर्मन कॉम्प्युटर आणि आमची इज्जत

गोळीबार चौक, नागपूर
दि. १८ नोव्हेंबर १९८६

श्री. नत्थूजी दादांना बाबनरावाचा वाकून नमस्कार. आपले गुडघे आता कसे आहेत, वहिनींना रात्री झोप लागते की नाही, हे सवडीनं कळवावं. आम्ही इथं सुखरूप आहोत. भिवापूरची मिरची पोचली. फोडणी घातली की शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात, म्हणजे माल अस्सल आहे.

पत्र लिहिण्यास कारण आपले चिरंजीव. चंद्रभानसारखा गुणी मुलगा नाही हे मी आजवर चारचौघांत सांगत आलो आणि यापुढेही सांगेन, फक्त थोडा दम घेऊन. दिवाळीत तो जर्मनीहून आला तेव्हा आपल्या आत्याला, म्हणजे कुसुमावतीला, एक स्वेटर आणि मला एक कॉम्प्युटर देऊन गेला. (नागपुरात स्वेटर जेमतेम पंधरा दिवस चालतो. कॉम्प्युटर तेवढाही चालला नाही.) त्याचं म्हणणं, मामाजी, टाइपरायटरचा जमाना गेला. त्यात खोटं काही नव्हतं. सीताबर्डीवर एकानं कॉम्प्युटर क्लासची पाटी लावल्यापासून माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये चौदा मशिनी आणि नऊ विद्यार्थी उरले आहेत. उन्हाळ्यापर्यंत असंच चाललं तर शटर ओढायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून मीही पाटी रंगवून घेतली, ‘येथे कॉम्प्युटर शिकविला जाईल’, आणि उद्घाटनाला परवाचा रविवार धरला. हा कॉम्प्युटर म्हणजे दिसायला नुसता एक कीबोर्ड. तो घरच्या टीव्हीला जोडायचा, इकडे बटण दाबलं की तिकडे पडद्यावर अक्षर उमटतं. मी म्हटलं, यात शिकायचं काय आहे? आपली बोटं तर तयारच आहेत.

माझी बोटं आपल्याला माहीत आहेत (आपण स्वतः भिवापुरात टायपिंगचा क्लास चालवता, म्हणून मोकळेपणानं बोलतो). बावीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवत आलो, की बटणांकडे पाहायचं नाही. त्यासाठी माझ्याकडे प्रत्येक मशिनीवर लाकडी झाकण आहे. हात झाकणाखाली, नजर कागदावर. कोणी मान वाकडी करून डोकावलं की पट्टी. मी स्वतः छताकडे पाहून टाइप करतो. आमचे वडील मागावर बसले की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करायचे, आणि खाली धोटा आपला चालूच. लुगड्याचा काठ कधी एका धाग्यानं चुकला नाही. मी त्याच घरातला.

तर पहिल्याच दिवशी मी छताकडे पाहत इन्स्टिट्यूटचं इंग्रजी नाव टाइप केलं आणि टीव्हीकडे नजर टाकली. ‘टायपिंग’ या शब्दात वायच्या जागी झेड. पुन्हा केलं, पुन्हा झेड. ज्या शब्दावर बावीस वर्षं पोट भरलं तोच लिहिता येईना. उजव्या हाताची करंगळी जिथं इतकी वर्षं अर्धविरामावर विसावते, तिथं डोक्यावर दोन टिंबं घेतलेला कोणी एक ओ बसला होता. त्याच्या शेजारी तशीच टिंबं घेतलेला ए, वरच्या मजल्यावर यू, म्हणजे सगळं बिऱ्हाडच येऊन राहिलेलं. शेवटी मी बटणांकडे पाहिलं. (दार लावून पाहिलं.) वाय आणि झेड यांनी खरोखरच आपापल्या जागा बदलल्या होत्या.

जर्मन माणूस मुद्दाम असं करील हे काही माझ्या मनाला पटेना. (तिकडे ती दोन अक्षरं मुळातच तशी बसवतात, हे मागाहून कळलं.) कारखान्यात बटणं बसवताना कोणा कामगाराचा हात चुकला असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि आपल्या टाइपरायटरच्या मिस्त्रीला, बळीरामला, बोलावून घेतलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर घालून दोन्ही बटणं उपटली, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे बसवलं, आणि वर म्हणाला, “घ्या साहेब, जर्मनीवाल्याले जे जमलं नाही ते आपण पाच मिनिटात करून देल्लं.” तेवढ्यात लाइन गेली. त्यामुळे तपासून पाहायचं राहिलं ते राहिलंच.

आता दादा, वरचं बटण बदललं म्हणून आतलं अक्षर बदलत नाही, हे टाइपरायटरवरही तसंच असतं, आणि आम्हा दोघांची हयात टाइपरायटरात गेलेली. पण त्या दिवशी दोघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. बळीरामच्या कारागिरीनं एवढंच झालं, की तोवर फक्त न पाहणाऱ्याचं चुकत होतं, आता पाहणाऱ्याचंही चुकायची सोय झाली.

रविवारी नऊच्या नऊ विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नाव घालावं की नाही अशा विचारातली सात-आठ माणसं जमली. मी कोट घातला होता. नारळ फोडला, खुर्चीवर बसलो, छताकडे पाहिलं आणि टाइप केलं. झेड. मागच्या बाकावर कोणी खुसखुसलं. पुन्हा टाइप केलं. झेड. आणि मग, आपल्यापासून काय लपवायचं, मी खाली पाहिलं. देवकी नावाची माझी एक हुशार विद्यार्थिनी आहे, तिच्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई, सर पाहून राहिले!” एवढी लाज सोडल्यावर तरी काम व्हावं की नाही? चांगलं निरखून, वायवर बोट ठेवून दाबलं. झेड! विचारातली माणसं चपला शोधू लागली.

त्याच वेळी आपली बहीण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “वाय पायजे असंन तर झेड लिहिलेलं दाबा. बळीरामनं बदलवले नाही का ते दोन?” मी उठलो. का उठलो ते माहीत नाही. कुसुमावतीनं ट्रे ठेवला, पदराला हात पुसले, खुर्चीवर बसली आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधून, इन्स्टिट्यूटचं नाव पत्त्यासकट टीव्हीवर उमटवलं. एक चूक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागाहून कळलं, की रोज सकाळी ती कॉम्प्युटर पुसते, तेव्हा टीव्ही चालू असला की कोणतं बटण दाबल्यावर काय उमटतं ते तिला दिसतं. (टिंबवाल्या बिऱ्हाडाशीही तिची चांगली ओळख झाली आहे.)

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण देवकीनं विचारलं, “काकू, तुम्ही सरांपाशी टायपिंग काहून नाही शिकल्या?” कुसुमावती म्हणाली, “तुह्या सरांले विचार वं.” सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, चहा थंड होतो आहे.

दादा, लग्नाच्या मांडवात (तेव्हा आपला क्लास निघायचा होता) आपण माझा हात धरून म्हणाला होतात, की पोरगी मॅट्रिक आहे, तिला टायपिंग शिकवा. मी म्हणालो होतो, पुढच्या महिन्यापासून. तो पुढचा महिना चौसष्ट सालापासून अजून आलेला नाही. अर्ध्या गोळीबार चौकातल्या पोरी मी नोकरीला लावल्या, आणि घरातली एक तेवढी झाकणं पुसत राहिली. रविवारी मला लाज वाटली, आणि ती काही झेडची नव्हती.

असो. एकंदरीत हे यंत्र आपल्या हवापाण्याला मानवणारं नाही. तरी चंद्रभानला खरमरीत लिहून ते परत न्यायला सांगावं, ही विनंती. वहिनींना नमस्कार.

आपला,
बाबनराव

ता. क. चंद्रभानला काही लिहू नका. काल सकाळपासून सहा जणांनी कॉम्प्युटरसाठी नावं घातली. शिकवायला काकूच पाहिजेत, अशी सहाही जणांची अट आहे. शटरचा विचार तूर्त मागे ठेवला आहे.

दुसरा ता. क. खरं काम पुढेच आहे. कुसुमावतीला टायपिंगच्या परीक्षेला बसायचं आहे. फॉर्म आपल्या भिवापूरच्या क्लासमधून भरू (इथून भरला तर नवऱ्यानं पास केलं म्हणतील). फॉर्मला मॅट्रिकचं सर्टिफिकेट जोडावं लागेल. ते आपण लग्नातच माझ्या हाती दिलं होतं. तिनं जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा मी ‘दादाकडेच राहिलं असेल’ असं सांगत आलो. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. या पत्रासोबत घालतो. आपल्या ट्रंकेत सापडलं असं चार ओळींत लिहून ते रजिस्टर पोस्टानं तिच्या नावे परत पाठवावं. एवढी माझी लाज राखा.

तिसरा ता. क. सर्टिफिकेट सोबत नाही. मी डिंकाची बाटली आणायला आत गेलो तेवढ्यात तिनं पाकिटातून काढून घेतलं. पत्रही वाचलं. रागावली नाही. म्हणाली, “खणात आहे हे मले पहिल्या वर्षीपासूनच माहीत होतं. तुम्ही कधी काढता, ते पाहून राहिली होती.” फॉर्म तेवढा उलट टपाली पाठवा.