फौजदारीणबाईंनी आधी ऐकलं

नाशिक रोड कारागृह,
जानेवारी १९७७

प्रिय कुमुद,

मी ठणठणीत आहे, दमा अधूनमधून डोकावतो एवढंच. अप्पा जेवतात ना नीट?

काल रंगनाथ भेटून गेला. म्हणाला, "दादा, वहिनीच्या हळदीकुंकवाला अंगण पुरलं नाही. मतदानावर काय बोलली!" (पत्र तपासणारे साहेब, हळदीकुंकवाला आणीबाणीतही बंदी नाही.)

सभेत बोललो म्हणून मी आत, आणि तुला टाळ्या. माझ्या सभेला सतरंज्या रिकाम्या राहायच्या.

वर उखाण्यात माझं नावही घेतलंस म्हणे. लग्नात लाजून गप्प बसलीस, आणि आता ते हळदीकुंकवाला आलेल्या फौजदारीणबाईंनी माझ्याआधी ऐकलं. घरी मी 'अहो', इथे नुसता 'मास्तर'.

सुटलो की भाषणं तूच कर, सतरंज्या मी घालीन. पण आधी ते नाव मला ऐकव.

जळफळणारा,
तुझा अहो