किरणपिस्तुलं आणि कळशांची रांग

वाटूर,
मार्च १९७६

प्रिय प्रभा,

सप्रेम जयभीम.

तू बदनापूरला परत गेलीस आणि शाळेतली मुलं मला रोज विचारतात, मंगळावरच्या बाई पुन्हा कधी येणार? स्नेहसंमेलनातलं नाटक लिहिलं मी, पण त्यांच्या लक्षात राहिलीस तू. राहणारच. नाटकात किरणपिस्तुलं लिहिताना ती कशाची करायची, हा विचार मला शिवलाही नव्हता. पुठ्ठ्याची करू म्हटलं, तर तू म्हणालीस, "पुठ्ठ्याच्या पिस्तुलाला मंगळावरचं कुत्रंसुद्धा भिणार नाही," आणि मला एसटीत बसवून थेट जालन्याला नेलंस.

नळाच्या सामानाचं दुकान मी पहिल्यांदाच आतून पाहिलं. आमच्या बौद्धवाड्यात कुणाकडेच नळ नाही, मग एल्बो कोणता आणि सॉकेट कोणतं, हे मला कुठून ठाऊक असणार? बी.ए.ला ते नव्हतं. तू मात्र एकेक तुकडा उचलून, डोळ्याला लावून नेम धरत होतीस. दुकानदार रामकिसनशेठ बिचारे विचारत राहिले, "ताई, टाकी किती उंच हाये? बराबर सांगा, मंग सामान काढतो." तू गंभीरपणे म्हणालीस, "टाकी नाही शेठ, मंगळावरच्या लोकांशी लढाई आहे." ते इतके हसले की आटे झिजलेल्या तोट्या, तडकलेले एल्बो, शॉवरच्या गंजक्या चाळण्या, सगळा टाकाऊ माल खोक्यात भरून देऊन टाकला. घरी येऊन तू पाइपच्या तुकड्याची नळी केलीस, वाकड्या एल्बोची मूठ, तोंडाशी चाळणी आणि घोड्याच्या जागी तोटी. तुझे हात चालत होते आणि मी नुसती बघत बसले होते.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी मला ते पुन्हा लिहावंसं वाटतं. चंदेरी रंग वाळावा म्हणून तू ती पिस्तुलं आमच्या अंगणातल्या भिंतीच्या खुंट्यांना टांगलीस, तोट्या पुढे करून. गावात नळ येणार अशी बोलवा होतीच. आपण जेवून बाहेर येतो, तर भिंतीखाली कळशांची रांग! पहिली चांगुणाबाईंची. "पाणी कवा बी येऊ दे," त्या म्हणाल्या, "म्या नंबर लावून ठिवला." मागे द्वारकाबाई तणतणत होत्या, "एका घरच्या दोन कळशा? हे बिलकुल चालायचं न्हाई!"

तू खाली बसलीस, एक पिस्तूल काढून चांगुणाबाईंच्या हातात दिलंस आणि सरळ सांगितलंस, मावशी, हे नाटकातलं आहे, यातून पाणी येणार नाही, तुमची फसगत माझ्यामुळे झाली. दुसरं कुणी असतं तर हसून घरात गेलं असतं. चांगुणाबाईंनी तोटी फिरवून पाहिली. "खोटी तर खोटी. पण गावात खरी येऊन राह्यली ना? मंग नंबर कशाला मोडायचा?"

आता तू गेल्यानंतरची बातमी. कळशा अजून तिथेच आहेत. फक्त चांगल्या नेऊन प्रत्येकीने आपली गळकी आणून ठेवली आहे. मधल्या काळात या बायका पंचायतीत जाऊन आल्या. तिथे कळलं, पाइप चौकापर्यंतच येणार, बौद्धवाड्यापर्यंत नाही. "ग्रामसभेत मांडा," असं उत्तर मिळालं. तिथे आमच्यातली एकही बाई आजवर बोललेली नाही. द्वारकाबाई म्हणाल्या, "ही तिच्या घरातली पहिली शिकलेली पोरगी हाये, ती बोलंल की!" आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

प्रभा, मी हो म्हणाले आहे. बोलायचं काय, तेही पाठ आहे. पण पुढे बसणारे जे लोक आहेत ना, त्यांच्याच विहिरीवर कुणीतरी वरून ओतावं म्हणून माझी आई घागर घेऊन उन्हात उभी राहायची, आणि मी तिच्या पदराला धरून. त्यांचे चेहरे पाहिले की पाठ केलेलं पहिलं वाक्यच विसरते. येत्या रविवारी सकाळी सभा आहे. माझ्या बाजूने तू एक शब्दही बोलू नकोस, ते माझं मला करू दे. तू फक्त येऊन पहिल्या रांगेत बस. मी तुझ्याकडे बघून बोलेन.

वाट बघणारी,
तुझीच
सत्यशीला