आधी करून ठेवायचं गणित

माय, मी कॉलेजात जायच्या आधीच तू गेलीस, आणि इतक्या वर्षांनी आज कामाच्या टेबलाशी बसून मी तुझ्याशी भांडायलेय. कुणाला सांगितलं तर येडी म्हणतील.

मी कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. सध्या गुलबर्ग्याच्या एका डाळमिलसाठी तूर वाळवायचं यंत्र करतेय. आतली धग मोजायची आणि आच कमीजास्त करायची, एवढंच त्याचं काम. पण त्यातली चिप इतकी मठ्ठ, की तिचं गणित सुटेपर्यंत डाळ तापून जायची. साहेब म्हणाले, नाद सोडा. मी कसली सोडते! आम्ही वापरतो त्या भाषेत एक सोय आहे. चौकटी कंसात लिहिलेलं गणित प्रोग्रॅम बांधतानाच, माझ्या टेबलावरच्या मोठ्या कंप्युटरवर सुटतं. यंत्रात जातं ते नुसतं उत्तर. सुगीच्या आधी तू कडक भाकरींची चळत रचून ठेवायचीस, तसंच. शेतात चूल पेटवायला नको.

मग मला हावच सुटली. सगळंच कंसात कोंबलं, तुरीची ओलसुद्धा, टेबलावरच्या मूठभर तुरीवरून मोजलेली. मिलमध्ये आली कोरडी तूर. यंत्र तिला ओली समजून शेकत बसलं. पोतंभर डाळ करपली. मालक शांतपणे म्हणाले, "अक्का, अजून एक डाव बघू. मग यंत्र उचला."

परतताना बसमध्ये तू आठवलीस. लहानपणी मी शहाणपणा करून, माणसं शेतातून यायच्या आधीच सगळ्या भाकरी आमटीत कुस्करून ठेवल्या होत्या. नुसता लगदा. तू पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, "भाकर आधी कर, पर कालवण येळंवर. कोण किती भुकेलंय, ते आल्याबिगर तुला कसं कळंल गं?" तेव्हा फार राग आला होता. धपाट्याचा अजून आहे.

आता कधीच न बदलणारा तापमानाचा तक्ता तेवढा कंसात ठेवलाय. ओल यंत्र तिथंच मोजेल, दर खेपेला नव्यानं.

उद्या शेवटची चाचणी. साहेबांनी विचारलं, दुसऱ्या कुणाला पाठवू का? मी म्हटलं, नको, मला भीती नाही. हा कागद काही टपालात पडणार नाही, म्हणून तुला खरं सांगते, तक्ता चारदा तपासला तरी भीती जात नाही. पण खटका मीच दाबणार.