खानावळीतली चिठ्ठी

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण माझा राग अजून धडधाकट आहे. विभाग तुमची स्मरणिका काढतोय आणि 'सरांचं प्रसिद्ध खानावळीचं उदाहरण' यावर लेख मागितलाय तो नेमका माझ्याकडे.

खानावळ माझ्या आईची होती, धायरीत. सकाळी भाजीची चिठ्ठी ओट्यावरच्या खिळ्याला टोचून आई मंडईत जायची आणि स्वयंपाकाच्या मावशी त्यावर असेल ते मुकाट्याने रांधायच्या. एकदा आमच्या गोड आमटीला विटलेल्या नागपूरच्या एका विद्यार्थ्याने तिच्या चिठ्ठीवर आपली टोचली: पाटवडी रस्सा, झणझणीत. आई परतली तेव्हा साठ डबे गेलेले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "चिठ्ठीवर हाय तेच केलं म्या. अक्षर कुणाचं ते बघायचं माझं काम हाय व्हय?" तुमच्या तासाला मला हेच आठवलं. विषाणूला स्वतःची चूल नसते, तो नुसती चिठ्ठी घेऊन येतो. पेशीतली रायबोसोम, म्हणजे तिथल्या मावशी, चिठ्ठी कुणाची हे न विचारता त्याची प्रथिनं बनवत बसतात. मी उभी राहून सांगितलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आपण विषाणू शिकायला आलात की खानावळीची जाहिरात करायला? बसा." वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मला सगळे 'झणझणीत' म्हणत होते.

मग तुमचं ते जाहीर व्याख्यान. मी आईला हौसेने घेऊन आले आहे, आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो आहोत, आणि तुम्ही सांगता आहात, "आमच्याकडे स्वयंपाकाला एक बाई होत्या..." चिठ्ठी तीच, रस्सा तोच. साठ डब्यांचे तेवढे साठ पाहुणे केलेत. टाळ्या पडल्या. परतताना बसमध्ये आई म्हणाली, "यांच्याकडेही आपल्याच मावशी जायच्या का गं?" दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खोलीत जाब विचारायला आले, तर मान वर न करता म्हणालात, "उदाहरणं कुणाच्या मालकीची नसतात." स्वतःच्या शोधनिबंधांबद्दल हे कधी म्हणाला नाहीत. ढोंगी होतात तुम्ही, सर.

आई आता ऐंशीची आहे. काल विचारत होती, "या वेळी तरी माझं नाव येईल ना?" येईल. खानावळ कुणाची, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय.

अडलंय ते शेवटी. काही विषाणू आपली चिठ्ठी टोचून थांबत नाहीत, पेशीच्या चिठ्ठ्या फाडूनही टाकतात, म्हणजे चुलीवर दुसरं काही शिजायलाच नको. आमच्या ओट्यावर तसं घडलं नव्हतं, आईची चिठ्ठी खाली शाबूत होती. ही भर तुम्ही त्या व्याख्यानात घातलीत, आणि तिच्याशिवाय उदाहरण अर्धंच राहतं. हे पत्र कपाटात जाईल, तिथे खरं लिहायला हरकत नाही: गेली पंधरा वर्षं मी ते वर्गात पुरतं सांगते आणि सगळं माझंच म्हणून सांगते. स्मरणिकेच्या लेखात 'ही भर सरांची' ही ओळ अजून लिहिलेली नाही.