वैष्णवी मेंढरामागं जाणार न्हाय

बारामती, ऑगस्ट १९९६

तीर्थरूप तात्या,

पाया पडते, पण आज रागानं पडते.

जूनमधी तुमच्याच परवानगीनं मी वैष्णवी-मल्हार दोन्ही पोरांना घेऊन बारामतीत बिऱ्हाड केलं. नातवंडं चांगल्या शाळेत जाणार, असं तुमीच भवानीनगरच्या बाजारात चारचौघांत सांगत होता. आणि गेल्या आठवड्यात मी कामावर असताना आलात, नवा फ्रॉक घेतो म्हणून वैष्णवीला गावाकडं घेऊन गेलात. पोर परत आली न्हाय.

काल मी स्वतः गावी आले. वैष्णवी माळावर तुमच्या मेंढरामागं उभी होती, अंगावर अजून शाळेचाच ड्रेस. तुमी म्हणालात, “मल्हार शिकतोय की. पोरीला कशाला शाळा?” तुमचा लेक शेजारीच होता. मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता. मी पोरीचा हात धरला आणि निघाले.

एसटीत तिनं इचारलं, “आई, बाईंनी माझं नाव पटावरनं काढलं असंल का?” मी तिला कुशीत घेतलं. आज सकाळी बाईंनी तिला वर्गात घेतलं, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाय. तुमाला वाचता येत न्हाय, वाचून दाखवायला ह्यांनाच बसावं लागंल, आणि तुमच्याम्होरं ह्यांचं तोंड उघडत न्हाय. तवा मीच समोर बसून सांगीन.

बारामतीला कवाबी या. गरम भाकरी करून वाढीन. पाणी मात्र तुमचं तुमीच घ्या, वैष्णवी शाळेत असंल.

तुमची सून,
विजयमाला