दोघांसाठी नऊ सीटची व्हॅन

१० जानेवारी २०१६, रविवार

ठरलं! जूनमध्ये नॉर्वे. ट्रॉम्सोला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि थेट वर — जिथे झाडंसुद्धा संपतात तिथपर्यंत. मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, एकेक मासेमारीचं गाव बघत लोफोटेनपर्यंत. तीन आठवडे. मी आणि मनोहर. दोघंच!

लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त तो बोटीच्या इंजिनरूममध्ये. मधे घरी यायचा तेव्हा सासूबाईंचं ऑपरेशन, ऋताची शाळा, कुणाचं तरी लग्न. दोघंच असे गेलो ते फक्त महाबळेश्वरला. तिथेही त्याचा मामेभाऊ भेटला आणि चारही दिवस आमच्याच टेबलावर जेवला.

नॉर्वेचं वचन जुनं. एकदा बोट बिघडून हॅमरफेस्टजवळ अडकले होते, तिथून फोन केला होता. "उल्का, इथे रेनडिअर रस्त्यात बसतात आणि गाड्या मुकाट्याने थांबतात. तुला इथे गाडीने फिरवणार!" मी तेव्हा ठाण्याच्या घरात पंप बंद पडला म्हणून बादल्या भरत होते. तरी दिवसभर खुशीत होते.

आता वर्ष झालं, तो बोट सोडून इथे, आमच्या या परदेशी शहरातच, ऑफिसात आलाय. रोज संध्याकाळी घरी. आता नाही तर कधी?

१७ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले. मनोहर सोफ्यावर, टीव्ही मोठ्याने.

"व्हार्डोला दोन रात्री राहायचं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मान वळवून म्हणाला, "तू ठरव गं. तुला आवडेल ते."

मला आवडेल ते! पंचवीस गावांची नावं मी एकटीने पाठ केली, फेरीबोटींची वेळापत्रकं मी बघितली, कुठल्या रस्त्यावर पुढचा पेट्रोल पंप किती लांब ते मी शोधलं. आणि गंमत म्हणजे हाच माणूस दुपारी ऑफिसातून फोन करतो तेव्हा मजेत गप्पा मारतो. इतक्या वर्षांची सवय असणार. त्याच्या लेखी बायको म्हणजे फोनमधून येणारा आवाज. समोर बसलेली बाई कोण, देव जाणे.

२४ जानेवारी

चारुदत्त आणि स्मिता पण येणार म्हणे. कुणी बोलावलं यांना?

९ फेब्रुवारी, मंगळवार

चायनीज न्यू इयरची सुट्टी. टॅम्पिनीसला चारुदत्तकडे "मीटिंग". चारुदत्त म्हणजे इथल्या मराठी मंडळात मनोहरला भेटलेला मित्र. आयटीतला मॅनेजर. त्याने टीव्हीवर स्लाइड्स लावल्या. माझ्या सहलीच्या! माझ्याच गावांची नावं, सगळ्यांचे उच्चार चुकलेले.

"वहिनी, एवढ्या रिमोट भागात आठ दिवस? तिथे आहे काय?"

"काही नाही. तेच बघायला जायचंय."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग त्याची बायको स्मिता म्हणाली, तिच्या सासूबाईही येतील, त्यांनी युरोप पाहिलेलं नाही. आणि तिचा भाऊ सुबोध, इथेच वन-नॉर्थला असतो, त्यालाही सुट्टी मिळतेय, तो आणि त्याची बायको मधुवंती दोघंही येतील. म्हणजे सातजण. "नऊ सीटची व्हॅन घेऊ. दोन सीट सामानाला. कुकर, मसाले, थालीपिठाची भाजणी..."

मी मनोहरकडे बघितलं. तो सगळ्यांकडे बघून छान मान डोलावत होता. एक अक्षर बोलला नाही!

घरी येताना एमआरटीच्या डब्यात म्हटलं, "अरे, आपण दोघं जाणार होतो ना?" गर्दी होती. त्याने नुसतं हसून माझ्या खांद्यावर थोपटलं. थोपटण्याचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

२० फेब्रुवारी

व्हॉट्सॅप ग्रुप निघाला आहे. 'नॉर्वे धमाल'. सकाळपासून सुप्रभातची फुलं.

स्मिताला नॉर्दर्न लाइट्स हवेत. मी लिहिलं, जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही, आकाशात काही दिसणार नाही. तिचं उत्तर — "बघू ना, लक असेल तर दिसतील!" खाली मधुवंतीचे टाळ्या वाजवणारे हात. काय बोलणार यावर, कप्पाळ!

२७ फेब्रुवारी

लोफोटेनमध्ये मी पाण्यात खांबांवर उभी असलेली एक खोली शोधली होती. पूर्वी कोळी राहायचे तिथे. लाल लाकडाची, एक खिडकी समुद्राकडे. दोघांपुरतीच. तिथे सकाळी उठून चहा करायचा आणि मनोहरला विचारायचं, की बाबा रे, इतकी वर्षं तू तिथे खाली, त्या इंजिनांच्या आवाजात, काय विचार करायचास? मला त्यातलं काही ठाऊक नाही. हेच मला हवं होतं. नॉर्वे-बिर्वे नंतर.

आता ती खोली रद्द. सातजण मावत नाहीत. शिवाय गावभर मासे वाळत टाकलेले असतात, ते स्मिताच्या सासूबाईंना चालणार नाही. त्याऐवजी हॉटेल, ब्रेकफास्टसकट.

५ मार्च

व्हार्डो गेलं. त्याच्या जागी ऑस्लोमध्ये शॉपिंग.

१३ मार्च, रविवार

ऋता हॉस्टेलवरून आली होती. खाली हॉकर सेंटरमध्ये नाश्ता करताना तिच्यापुढे सगळं ओकले. ती शांतपणे रोटी प्राटा खात, तिच्या त्या इथल्या खास इंग्रजीत म्हणाली, "आई, यू जस्ट टेल देम नो लाह. सो सिंपल."

"अगं, बाबाला काही वाटायला नको?"

"पा नेव्हर से एनिथिंग वन. ही ऑल्वेज लाइक दॅट."

ऑल्वेज लाइक दॅट! वीस वर्षांच्या पोरीला बापाबद्दल एवढंच माहीत. आणि मला तरी त्याहून जास्त काय माहीत आहे? घरी येऊन उगाच भांडी आपटली. मनोहरने पेपरातून मानसुद्धा वर केली नाही.

१९ मार्च, शनिवार

आज बांध फुटला. चारुदत्तला फोन केला आणि सरळ सांगितलं — वाईट वाटून घेऊ नका, पण ही आमची दोघांची सहल होती, तुम्ही सगळे त्यात शिरलात. मला तुमच्याबरोबर यायचं नाही.

मग म्हणाला, "वहिनी, आम्ही नाही शिरलो हो. मनोहरनेच आग्रह केला. आम्ही जपानला निघालो होतो, बुकिंग होत आलं होतं. तो ऑफिसखाली भेटायला आला, म्हणाला तुम्ही याच. सुबोधलाही त्यानेच विचारलं."

मी फोन ठेवून खुर्चीवर बसून राहिले. म्हणजे त्याला माझ्याबरोबर तीन आठवडे नकोच आहेत. कंटाळा येईल म्हणून माणसं गोळा केली! फार अपमान वाटला. रडले.

२० मार्च, रविवार

सकाळी झेंगहुआ पार्कात फिरायला गेलो. मी रस्ता अडवून उभी राहिले आणि विचारलं. तोंडावर, जोरात. दोन चिनी आजोबा व्यायाम थांबवून बघत होते. बघू देत!

"तुला माझ्याबरोबर एकट्याने जायचं नाहीये ना? सांगून टाक."

त्याने माझा हात धरून मला बाकावर बसवलं, आणि स्वतः माझ्या उजवीकडे बसला.

"माझा उजवा कान गेलाय, उल्का. पार गेलाय. डावा बरा आहे, पण आवाज त्या बाजूने आला तर."

कान बोटीवरच गेला. शेवटच्या तपासणीत डॉक्टरने सांगितलं, म्हणून ऑफिसची नोकरी घेतली. मला सांगितलं होतं की घराची ओढ लागली! फोन डाव्या कानाला लावतो. चालताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला असतो. मला वाटायचं, रस्त्याच्या गाड्यांपासून मला सांभाळतोय. इथे किंवा ठाण्यात भाड्याने गाडी घेतली तरी निभायचं, कारण मी त्याच्या डावीकडे बसते.

"नॉर्वेत स्टिअरिंग डावीकडे. मी चालवणार, तू माझ्या उजवीकडे. तीन आठवडे तू काहीतरी दाखवशील, बोलशील, आणि माझ्यापर्यंत काही पोचणार नाही. इंजिनाचा आवाज, त्यात समोर रस्ता, तुझ्या तोंडाकडेही बघता येणार नाही. म्हटलं, मागे माणसं असू देत. गाडीत तुला उत्तर देणारं कुणीतरी हवं ना."

एवढा विचार! नकाशावर एक मिनिट घालवलं नाही, आणि सीटा मात्र बसून जुळवल्या. मी त्याला मूर्ख म्हणाले. मोठा इंजिनिअर तू, मशीन लावता येतं कानाला हे ठाऊक नाही? तर म्हणतो, डॉक्टर म्हणाला त्या कानाला मशीनचा उपयोग नाही.

राग अजून आहे. सव्वा वर्ष मी या घरात त्याच्या चुकीच्या बाजूला उभी राहून ओरडत होते, आणि त्याने ओरडू दिलं.

२ एप्रिल, शनिवार

ग्रुप सोडला. चारुदत्तला सांगितलं, खुशाल जपानला जा. जूनचं रद्द, पुढच्या जूनमध्ये जाऊ. आज ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझं. काउंटरवरच्या मुलीने माझं वय बघून विचारलं, "आंटी, फर्स्ट टाइम आह?" हो, फर्स्ट टाइम. नॉर्वेत मी डावीकडे बसून चालवणार, तो उजवीकडे. चांगला कान माझ्याकडे.